पेडल घरीच होतं

१

दुकान बंद करायच्या आधी प्रत्येक स्नेअरचा खटका पाडायचा, हा बाबांचा नियम. झोपण्याआधी गॅस बघायला जावा तसा माझा हात आपोआप तिकडे जातो.

स्नेअर म्हणजे ड्रमसेटमधला तो चपटा ड्रम, वाजवणाऱ्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये असतो तो. त्याच्या पोटाखाली बारीक तारांची जाळी ताणलेली असते, म्हणून तो 'चर्र' असा बोलतो. या तारा भारी चोंबड्या. बाहेर ट्रक गेला, शेजारी कोणी शिंकलं, की यांनी झणझणायलाच पाहिजे. बाजूचा खटका पाडला की तारा कातड्यापासून सुटतात आणि गप्प बसतात. बाबा म्हणायचे, दिवसभर आपण बडबडतो तेवढं पुरे, मागून यांची कटकट नको. बाबा गेले, दुकान माझ्याकडे आलं, नियमही आला.

जुने ड्रम घासूनपुसून उभे करणं हे माझं काम. बाई माणूस हे काम करते म्हणून पूर्वी गिऱ्हाईकं 'मालक आहेत का?' असं विचारायची. मी एकदा नवऱ्याला पुढे केलं. तो इलेक्ट्रिशियन. त्याने बास ड्रमला 'तो मोठा ढोल' म्हटलं आणि गिऱ्हाईक हसत सुटलं. तेव्हापासून मालक कोण ते सगळ्यांना कळलं.

त्या दिवशी टेम्पो आला तेव्हा मी हात धूत होते. ड्रायव्हरच्या शेजारून एक काकू उतरल्या. सत्तरीच्या असतील, ताठ कण्याच्या, खांद्याला पर्स. मागे जुन्या पडद्यांत गुंडाळलेला ढीग होता.

"हॉटेलचा हॉल पाडतायत," त्या म्हणाल्या. "गोदामात पडून होता. आमच्या ह्यांचा आहे. ह्यांनी आयुष्यभर तिथेच वाजवलं, नाचाच्या बँडमध्ये."

मी पडदा उचलला आणि, खोटं कशाला बोलू, हरखलेच. आतून मोत्यासारखा उजळणारा पत्रा, जाड पितळी कडी, खऱ्या कातड्याची तोंडं. असा सेट आता बघायलाही मिळत नाही. वर गंज चढला होता, आणि बास ड्रममध्ये उंदरांनी चांगला संसार थाटला होता, पण मूळ माल अस्सल.

"महिना लागेल, काकू."

"महिना नाहीये माझ्याकडे." त्या स्टुलावर बसल्या. "हे अंथरुणाला खिळलेत. वाजवता वाजवताच कोसळले, तेव्हापासून. बोलत नाहीत, डोळे उघडले तरी बघत नाहीत. अन्न नळीतून. डॉक्टर म्हणतात, आत आता कोणी नाही. लेक फोनवर रडते, म्हणते, आई, काढू दे त्या नळ्या, सोड त्यांना. मी म्हटलं, एकदा त्यांना त्यांचा ड्रम ऐकवते, मग ठरवू."

"काही हालचाल?"

"उजवा पाय मधूनमधून आखडतो. डॉक्टर म्हणतात, स्नायूंचं असतं तसं, त्यात काही अर्थ नाही." त्यांनी पर्सचा पट्टा घट्ट धरला. "मला एवढंच कळायला हवंय, की हे आत आहेत का. असतील तर मी नळीला कोणाला हात लावू देणार नाही. नसतील, तर मग मी उगाच का अडवून बसू?"

मी सुटे भाग मोजायला लागले. बास ड्रम पायाने वाजवायचं पेडल कुठे दिसेना.

"ते घरी आहे," काकू म्हणाल्या.

"आणून द्या की. तेलपाणी करून ठेवते."

"ते राहू दे," त्या पटकन म्हणाल्या.

२

गंजाचे स्क्रू रॉकेलमध्ये टाकले, कडी घासली, पत्रा ओल्या फडक्याने पुसला. झांजांना हात लावला नाही. झांज चकाकवली की तिचा आवाज कोवळा होतो, हे लोकांना पटत नाही, पण आहे तसं. स्नेअरचं कातडं एवढं सुंदर होतं की बदलायचं मनच होईना. त्याच्या मधोमध एक राखाडी वर्तुळ होतं. काठीऐवजी तारांच्या ब्रशने वाजवणाऱ्यांच्या ड्रमवर ते उमटतं. ते ब्रश आपटत नाहीत, कातड्यावर गोल गोल फिरवतात, पीठ चाळल्यासारखं. काका तसले वाजवणारे होते तर. मी खोडरबर आणि मऊ फडक्याने ते वर्तुळ साफ केलं आणि स्वतःवर खूश झाले.

तारांची नवी जाळी बसवली, खटका वर केला.

झर्रर, तारा म्हणाल्या. मी फ्रिजकडे बघितलं. फ्रिज सुरू झाला की हे असं होतंच.

झर्रर. झर्रर. फ्रिज बंद झाला तरी चालूच.

"अरे ए," मी नवऱ्याला हाक मारली, "तुझी वीज माझ्या ड्रममध्ये शिरलीय."

तो आला, मान तिरकी करून ऐकलं, डॉक्टरच्या थाटात म्हणाला, "ट्रान्सफॉर्मर आहे. थांब," आणि मेन स्विच पाडला. पंखा घरघरत थांबला. भर दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. दुकानात इतकी शांतता झाली की मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

आणि तारा बोलत होत्या. फार बारीक. कान नेला तरच ऐकू येईल इतक्या.

नवरा आणखी वाकला. मीही. कारण ती घरघर नव्हती, तिला लय होती. झर्र-र, झर्र-र, गोल फिरल्यासारखी. ती हळूहळू संथ होत गेली, आणखी संथ, आणि मग थांबली. काहीच नाही. श्वास रोखून धरावा एवढा वेळ काहीच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून, तशीच.

"पंप असेल कोणाचा तरी," नवरा म्हणाला आणि बाहेर गेला. चांगलाच वेळ लावून परत आला. "कोणाचा पंप चालू नाहीये."

"मग?"

"मला काय विचारतेस? ड्रम तुझा."

तारांचं एक आहे, त्या स्वतःहून कधी बोलत नाहीत. त्या उत्तर देतात. कुठेतरी त्यांच्या सुराचा आवाज व्हावा लागतो, मगच त्या थरथरतात. बाबांनी मला सगळ्यात आधी शिकवलं ते हे. मी भुताखेतांच्या वाटेला जाणारी बाई नाही, आणि ते तेव्हाही डोक्यात आलं नाही. डोक्यात एवढंच आलं, की कुठेतरी कोणीतरी वाजवतंय.

मी खटका पाडला. तारा गप्प झाल्या.

"झालं ना?" नवरा म्हणाला. पण चहा त्याने उंबऱ्यावर उभा राहूनच घेतला.

३

काकू सेट बघायला आल्या. मोतिया पत्र्यावरून त्यांनी हात फिरवला, आणि इतका वेळ धरून ठेवलेला कडकपणा गेला. "लग्नात असा दिसत होता," त्या म्हणाल्या. "म्हणजे ड्रम हं, हे नाही. हे तेव्हाही टकलेच."

आम्ही दोघी हसलो. मग मी, जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, "काका शेवटच्या गाण्याला काय वाजवायचे?"

"तुला का हवंय?"

"सूर लावायला बरं पडतं." शुद्ध थाप.

"शेवटचं गाणं नेहमी संथच असायचं. सगळे आपापल्या माणसाला धरून नाचतात ते. हे ब्रश घ्यायचे, आणि असे गोल, गोल..." काकूंनी हवेत दोन्ही हात फिरवले. "मग हळू, आणखी हळू. मग थांबायचे. सगळा हॉल थांबायचा. आणि मग पायाने एकच ठोका. हलका. धम्. तो ठोका माझा असायचा बरं का. मी मागे, दाराजवळच्या खुर्चीवर बसलेली असायची, पर्स मांडीवर घेऊन. तो ठोका पडला की मी उठायचं. मग हे पेडल सोडवायचे, तेवढं एक हातात घ्यायचे, बाकी सगळं तिथेच ठेवायचं, आणि आम्ही घरी. दुसऱ्याच्या पेडलवर ह्यांचा पाय बसायचा नाही म्हणून ते कायम ह्यांच्याबरोबर."

माझ्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

"त्या संध्याकाळी हळू, आणखी हळू झालं," त्या म्हणाल्या. "थांबले. मी पर्स सावरून बसले. आणि ठोका आलाच नाही. मी बसूनच राहिले गं. लोक धावले, आरडाओरडा झाला, तरी मी बसलेलीच. ठोका पडल्याशिवाय उठायची सवयच नव्हती ना. मग कोणीतरी मला हाताला धरून उठवलं. निघताना मी पेडल तेवढं सोडवून घेतलं. ते तिथे कसं ठेवणार?"

मी मान वळवून स्नेअरचा खटका बघितला. पाडलेला होता. त्यांना काही सांगायचं धाडस झालं नाही. काय सांगणार? आशेवर बसलेल्या माणसाच्या कानात असलं काही घालायचं, आणि उद्या ते आमच्या जिन्याखालच्या पाण्याच्या मोटारीचं निघालं म्हणजे?

४

म्हणून मी खात्री करायची ठरवली.

जुन्या कातड्यावर मी साधी पावडर भुरभुरवते. कातड्याचा ओलसरपणा निघतो, आणि कुठे ताण कमीजास्त असेल तर पावडर तिथे गोळा होते, लगेच कळतं. स्नेअर खिडकीपाशी टेबलावर ठेवला, स्वच्छ उजेडात. पावडर अगदी पातळ पसरली. नवऱ्याला सांगून मेन पाडला. दार लावलं, पंखा बंद, वाऱ्याची झुळूक नाही. मग खटका वर केला आणि टेबलापासून लांब, भिंतीला टेकून उभी राहिले.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मी मनात म्हटलं, बघ, वेडी कुठली.

झर्रर.

पावडरचे कण हलले. तेवढं मी धरूनच चालले होते. तारा थरथरल्या की पावडर नाचणारच, त्यात काही विशेष नाही. पण पावडर नाचली नाही. ती बाजूला सरली. पांढऱ्या थरात एक बारीक रेघ उमटली, मग तिच्या शेजारी दुसरी, तिसरी, पंख्यासारख्या पसरलेल्या, तारांच्या ब्रशची टोकं फिरावीत तशा. डाव्या बाजूने एक कमान आली, उजव्या बाजूने दुसरी. मधोमध, जिथलं वर्तुळ मी खोडून काढलं होतं, नेमक्या तिथे त्या एकमेकींना भेटल्या आणि सुटल्या, आणि पुन्हा फिरल्या.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण खरं सांगते, त्याहून मोठं दुसरंच काहीतरी होतं. मी जन्मभर ड्रम दुरुस्त केले, पुष्कळ वाजवणारे ऐकले. असा हात बघितला नव्हता. कुठे घाई नाही, कुठे दाखवणं नाही, झोपलेल्या बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात. खोलीत कोणी नव्हतं आणि माझ्यासमोर कोणीतरी फार मोठा माणूस वाजवत होता. माझे डोळे भरून आले.

कमानी संथ झाल्या. आणखी संथ. थांबल्या.

ती शांतता. त्या शांततेत कोणीतरी वाट बघत होतं. मी नव्हे. मग काही न होता पुन्हा पहिली रेघ उमटली.

नवरा दारात कधी आला मला कळलं नाही. त्याने ड्रमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याने येऊन माझा हात धरला. "काकूंना फोन कर," तो म्हणाला.

५

फोनवर काकू आधी भडकल्या. "म्हाताऱ्या बाईची थट्टा करता? लाज नाही वाटत?" मी ऐकून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "सेट घेऊन ये."

त्यांची खोली लहान, नीटनेटकी. खिडकीत पलंग, औषधांचं टेबल, भिंतीला लागून एक कपाट. पलंगावर काका. मोठ्या हाडापेराचा माणूस असणार, आता नुसता चादरीखालचा उंचवटा. डोळे छताला. मी वाकून नमस्कार केला. बाबांनंतर असा नमस्कार मी कोणाला केला नव्हता.

पलंगाच्या पायथ्याशी सेट मांडला. नवऱ्याने फ्रिज, पंखा, सगळं बंद केलं आणि जिन्यात जाऊन बसला. स्नेअरवर पावडर टाकली. खटका वर केला.

फार वाट बघावी लागली नाही. इथे आवाज स्पष्ट होता, जवळून येणारा. पांढऱ्या थरात पहिली कमान उमटली तेव्हा काकूंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"हाच," त्या पुटपुटल्या. "हाच हात. अगं, हे आत आहेत. मी सांगत होते सगळ्यांना. आहेत आत!" त्या हसत होत्या, रडत होत्या, पलंगाकडे वाकून काकांच्या टकलावरून हात फिरवत होत्या. "ऐकतेय हो मी. इथेच आहे."

कमानी संथ झाल्या. थांबल्या.

आणि चादर ताणली गेली. उजव्या पायाशी. पाऊल खाली दाबलं गेलं, जोर लावून, आणि गादीत रुतून तसंच राहिलं. मग सैल झालं. तारा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.

काकू सरळ झाल्या. त्यांनी आणखी एकदा सगळं होऊ दिलं. पायावरची नजर हलवली नाही. हळू, आणखी हळू, थांबणं. चादर ताणली. सुटली.

"पाय आखडत नाहीये," त्या म्हणाल्या. "ठोका मारतायत."

मी चादरीकडे बघत राहिले.

"त्या संध्याकाळपासून तिथेच अडकलेत. मला उठवायला बघतायत. आणि पेडल मी कपाटात ठेवलंय, साड्यांखाली." त्यांनी पायावरची चादर सारखी केली. "किती दमले असतील गं."

त्या कपाटाकडे गेल्या. पेडल मऊ कापडात गुंडाळलेलं होतं. साधंच, जुनं. पाऊल ठेवायची पट्टी झिजून गुळगुळीत झालेली, दांड्याच्या टोकाचा लोकरी गोळा एका बाजूला दबलेला. त्या बास ड्रमपुढे खाली बसल्या.

"काकू," मी म्हटलं. मला सांगायलाच हवं होतं. "शेवट झाला की मग..."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "शेवट झाला की घरी जायचं असतं."

"तुम्ही म्हणाला होता, आत असतील तर कोणाला हात लावू देणार नाही."

"म्हणाले होते. तेव्हा मला वाटत होतं, हे नुसते पडून आहेत." त्यांनी पदराने डोळे पुसले. "धर जरा ते कडं."

मी कडं धरलं. स्क्रू त्यांनी स्वतःच पिळला, वर्षानुवर्षं बघून ठाऊक असल्यासारखा.

६

मग काकूंनी एक खुर्ची ओढली आणि दाराजवळ नेऊन ठेवली, सेटपासून जेवढी लांब नेता येईल तेवढी. खुंटीवरची पर्स घेतली. केस सारखे केले. पर्स मांडीवर घेऊन बसल्या. मी भिंतीला चिकटून उभी होते. पेडलजवळ कोणी नव्हतं.

तारा सुरू झाल्या.

या वेळी माझं पावडरकडे लक्ष नव्हतं. मी काकूंकडे बघत होते. त्यांचा चेहरा खोलीतला नव्हता. मोठ्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी बसलेलं असावं, मधे नाचणारी माणसं असावीत, तसं त्या मान किंचित उंच करून बघत होत्या. हळू. आणखी हळू. थांबलं.

चादर ताणली गेली.

धम्.

हलकाच. पण तो माझ्या पायातून वर आला. खिडकीची काच थरथरली, टेबलावरच्या बाटल्या किणकिणल्या. मी मान वळवली तोपर्यंत पेडलची पट्टी वर आलेली होती. तिची स्प्रिंग तेवढी हलत होती.

काकू उठल्या.

पर्स खांद्याला लावून त्या सेटपाशी आल्या, वाकल्या, स्क्रू सैल केला आणि पेडल हातात घेतलं. पलंगाकडे बघून म्हणाल्या, "चला."

काकांचे डोळे मिटलेले होते. माझ्याआधी काकूंनी ते बघितलं होतं, हे मला त्यांच्या आवाजावरूनच कळलं. चादर सैल पडलेली होती. पावडरमध्ये शेवटची कमान तशीच होती, पूर्ण, दोन्ही टोकं जुळलेली. मी जिन्यात जाऊन नवऱ्याजवळ बसले आणि ढसाढसा रडले. तो विचारत राहिला, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, संपलं, फार छान संपलं.

७

सेट आता माझ्याकडे आहे. काकूंनीच ठेवायला दिला. पेडल त्यांच्याकडे, पण आता कपाटात नाही, दाराशी ठेवलंय.

त्या स्नेअरचा खटका मी मुद्दाम वर करून बघितला. गप्प. नवऱ्याने शेजारी ड्रिल चालवलं, तरी गप्प. बाहेरून ट्रक गेला, दुकानातल्या बाकीच्या सगळ्या ड्रमच्या तारा एकदम ओरडल्या, हा गप्प. असं होत नाही. असं होऊच शकत नाही. ब्रश घेऊन वाजवला की मात्र गोड बोलतो. मी जाळी बदलली, कातडं तपासलं, आणि शेवटी नाद सोडून दिला.

बाबांचा नियम मी मोडलाय. दुकान बंद करताना आता मी कुठल्याच स्नेअरचा खटका पाडत नाही. इतकी वर्षं मी किती जणांच्या तारा गप्प केल्या असतील, हा विचार आता डोक्यातून जात नाही. कुलूप लावून थोडा वेळ दाराला कान लावून उभी राहते.

नवरा म्हणतो, गल्लीतून काही गेलं की केवढी कटकट होते आत.

होऊ दे, म्हटलं. तू पुढे हो, मी आलेच.